मांडामांड आणि आवराआवर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं पुतण्याच्या फोनचं. तो अंबाजोगाईला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या जावा शिकतोय. परवा रात्री साडेदहाला फोन करून म्हणतो, "काका, प्रत्येक टेस्टच्या आधी @बिफोरईच आणि नंतर @आफ्टरईच लिहायचं म्हणतात. का लिहायचं असं विचारलं तर सांगतात, पद्धत आहे. ही पद्धत पाडली कुणी?"

प्रश्न मला फार आवडला. 'पद्धत आहे' म्हटलं की माणूस विचारायचं थांबतो, आणि या पद्धतीकडे न बघण्याची किंमत मी एकदा चांगलीच मोजली आहे. (खरं तर मी नाही, दुसऱ्यांनी मोजली. ते पुढे येईलच.) फोनवर पाऊण तास बोललो, तरी अर्धं राहिलं. म्हणून हे लिहितोय. घरातल्या ज्या मंडळींचा संगणकाशी संबंध व्हॉट्सॲपपुरताच आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही. शेवटी ही गोष्ट आपल्याच भागातल्या ऊसतोड टोळ्यांपर्यंत येते.

आधी टेस्ट काय असते ते सांगतो. समजा एक प्रोग्राम टोळीचा हिशोब करतो: इतके टन ऊस तोडला, इतका दर, त्यातून उचल वजा, हातात इतके रुपये. तो बरोबर चालतो का हे बघायला आपण दुसरा छोटा प्रोग्राम लिहितो. हा दुसरा प्रोग्राम एक खोटी टोळी तयार करतो, तिच्या नावावर खोटे १०० टन टाकतो, हिशोब करायला लावतो आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का ते बघतो. आलं तर हिरवं, नाही तर लाल. अशा शेकडो टेस्ट एकामागून एक चालतात. खोटी टोळी तयार करणं ही मांडामांड, म्हणजे सेटअप. काम झाल्यावर ती पुसून टाकणं ही आवराआवर, म्हणजे टेअरडाउन. आवरलं नाही तर पहिल्या टेस्टची खोटी टोळी दुसऱ्या टेस्टच्या पायात येते.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला सोपं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातली कितीतरी गावं निम्मी रिकामी होतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात, मोकळ्या रानात कोप्या घालतात, पाच-सहा महिने त्यात काढतात आणि पट्टा पडला की कोप्या मोडून माघारी येतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवी कोपी. माझ्या एका चुलत्यांनी असे वीस-बावीस हंगाम केले. ते म्हणायचे, कोपी घालायला सगळे हात लावतात, पण मोडायच्या वेळी ज्याचं त्याचं चित्त गावाकडं. प्रोग्रामरचंही अगदी तसंच असतं. टेस्ट हिरवी झाली की त्याच्या लेखी काम संपलं. आवरायला कोण थांबतो?

माणसाच्या या एका सवयीवर उपाय शोधत शोधतच ती 'पद्धत' तयार झाली.

सुरुवात जावापासून होत नाही. स्मॉलटॉक नावाची एक भाषा आहे, जावापेक्षा बरीच जुनी. केंट बेक हा अमेरिकन प्रोग्रामर तिच्यात काम करायचा. १९९४ साली त्याने 'द स्मॉलटॉक रिपोर्ट' या नियतकालिकात टेस्ट कशा लिहाव्यात यावर एक छोटा लेख लिहिला. त्यातलं पहिलंच सूत्र होतं फिक्श्चर. हा शब्द वर्कशॉपमधला. आयटीआय करून वाळूजच्या कंपन्यांत लागलेल्या आपल्याकडच्या पोरांना 'जिग-फिक्श्चर' चांगलं माहीत आहे: मशीनवर नग दरवेळी त्याच जागी, त्याच कोनात धरून ठेवणारी पकड. बेकचं म्हणणं साधं होतं. टेस्टलाही अशी पकड हवी. प्रत्येक टेस्टला तिचं सामान दरवेळी त्याच स्थितीत मिळालं पाहिजे. ते मांडून ठेवायचं काम त्याने सेटअप या मेथडकडे दिलं.

१९९६ पासून हाच बेक क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर होता. प्रोग्राम स्मॉलटॉकमध्येच होता, आणि १९९७ मध्ये सुमारे दहा हजार जणांचे पगार त्यावर निघू लागले. पुढे २००० साली तो प्रकल्प बंद झाला, पण तिथली कामाची रीत 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' या नावाने जगभर गेली. मला यातलं एवढंच लक्षात राहतं की टेस्ट लिहिण्याची ही शिस्त पगाराच्या हिशोबावर वाढली. इतर प्रोग्राम चुकला तर तक्रार येते. पगार चुकला तर माणूस दारात येऊन उभा राहतो.

मग १९९७ च्या ऑक्टोबरात अटलांटाला प्रोग्रामर लोकांची एक मोठी परिषद होती. झुरिकहून तिकडे जाणाऱ्या विमानात बेकच्या शेजारी एरिक गामा बसला होता. 'डिझाइन पॅटर्न्स' या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. जावा तेव्हा नवीन होती. दोघांनी त्या प्रवासात बेकची स्मॉलटॉकमधली कल्पना जावात उतरवली आणि जेयुनिट जन्माला आलं. प्रोग्रामरांच्या जगातली ही दंतकथा वाटावी अशी हकीकत आहे, पण खरी आहे. आमच्या पिढीचे लोक लाल डब्यात, म्हणजे एसटीत, पुणे-बीड प्रवासात फार तर झोप काढायचे. असो.

या जेयुनिटच्या पोटात काही ओळी अशा होत्या की पुतण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांतच आहे. मराठीत सांगायचं तर: आधी मांड. मग टेस्ट चालवून बघ. आणि शेवटी, टेस्ट जिंको नाहीतर मरो, आवर. हे 'काहीही होवो' जावात 'फायनली' या शब्दाने लिहितात. टेस्ट अर्ध्यात कोसळली तरी फायनलीतली ओळ चालते. म्हणजे आवरायचं काय, हे माणसाने एकदा लिहून ठेवायचं. आवरायचं कधी, हे त्याच्या हातात ठेवायचंच नाही. दुसरी गोष्ट त्यांनी केली ती आणखी साधी. क्लासमध्ये दहा टेस्ट असतील तर जेयुनिट त्या क्लासच्या दहा वेगवेगळ्या प्रती करतं, प्रत्येक टेस्टला स्वतःची एक. एका टेस्टच्या प्रतीतलं सामान दुसरीला दिसतच नाही. दरवेळी नवी कोपी.

ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या साध्या गोष्टीला यंत्र कशाला? माणूस लक्षात ठेवून आवरेल की. तर आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १३ मे २०२४ ला बीड लोकसभेचं मतदान झालं. निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या आमच्या घरातल्या शिक्षक मंडळींना हे तोंडपाठ आहे: मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, किमान ५० मतं टाकून बघायची, निकाल जुळवायचा. ही झाली टेस्ट. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर अशी बटणं दाबून यंत्र पुन्हा शून्यावर आणायचं, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून त्यांच्यावर शिक्के मारायचे, काळ्या पाकिटात बंद करायच्या आणि हे सगळं केलं म्हणून सही करायची. ही आवराआवर. समजा कुणी क्लिअर करायचं विसरलं, तर खोटी मतं खऱ्या मतांत मिसळतात. असं झालेलं यंत्र मतमोजणीत बाजूला ठेवावं लागतं, आणि हारजीतीचं अंतर कमी असेल तर त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. एका बटणासाठी प्रतिनिधी, शिक्के, पाकीट, दाखला एवढा सगळा बंदोबस्त! पहाटे उठून आलेला माणूस विसरणार, हे आयोगानेही गृहीतच धरलेलं आहे.

मतदान केंद्रावर हा बंदोबस्त वर्षा-दोन वर्षांतून एकदा करता येतो. दिवसातून पन्नास वेळा शेकडो टेस्ट चालवायच्या तर तो यंत्रानेच करायला हवा.

मी २००४ मध्ये पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा जेयुनिट ३.८ चा जमाना होता. चांगलं होतं, पण त्यात खड्डे होते. सेटअप या नावातलं मधलं अक्षर मोठ्या लिपीत लिहायचं असे. चुकून लहान लिहिलं तर जेयुनिट काही तक्रार करायचं नाही, फक्त ती मेथड कधी चालायचीच नाही. माझी एक अख्खी दुपार त्या एका अक्षरात गेली आहे. दुसरा खड्डा खोल होता. मांडतानाच गडबड झाली तर आवराआवर होत नसे, कारण मांडायची ओळ त्या 'काहीही होवो'च्या कक्षेबाहेर होती.

हा खड्डा मला भारनियमनाने दाखवला. २००५-०६ च्या आसपासचे दिवस आठवा. गावी सुट्टीला आलो होतो, घरी जुना डेस्कटॉप होता, यूपीएस नव्हता. माझी टेस्ट सेटअपमध्ये डेटाबेसात एक तक्ता तयार करायची आणि टेअरडाउनमध्ये तो काढून टाकायची. ऐन मध्यावर लाईट गेली. फायनली बिचारी काय करणार? चालवणारं यंत्रच बंद पडलं. सहा तासांनी लाईट आल्यावर पुन्हा टेस्ट लावली. सेटअप म्हणतं, तक्ता आधीच आहे, मी नाही मांडत. सेटअप पडलं म्हणून टेअरडाउन चाललं नाही. टेअरडाउन चाललं नाही म्हणून तक्ता तसाच. पुन्हा लावली, पुन्हा तेच. शेवटी तक्ता हाताने काढला. त्या दिवशी एक धडा शिकलो तो आजही उपयोगी आहे: आवरून जाणारा आवरेलच यावर विसंबू नये, मांडणाऱ्याने आधी झाडू मारावा आणि मग मांडावं.

इकडे जावा बदलत होती. २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशन आलं, म्हणजे मेथडच्या डोक्यावर @ लावून चिठ्ठी चिकटवायची सोय. त्याच वर्षी सेड्रिक ब्यूस्टचं टेस्टएनजी आलं आणि ही सोय वापरू लागलं. २००६ मध्ये जेयुनिट ४ आलं. आता नावाची सक्ती गेली. @बिफोर चिठ्ठी लावली की ती मांडामांड, @आफ्टर लावली की आवराआवर. चिठ्ठीचं अक्षर चुकलं तर प्रोग्राम तयारच होत नाही, माझ्यासारखी दुपार कुणाची जात नाही. आणि मांडताना काही पडलं तरी @आफ्टर चालणारच, हे वचन दिलं गेलं. माझा भारनियमनाचा खड्डा अर्धा बुजला. (अर्धाच. लाईट गेल्यावर @आफ्टरही चालत नाही.)

२००७ हे या इतिहासातलं गमतीचं वर्ष. जेरार्ड मेसारोस यांचं 'एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स' हे जाडजूड पुस्तक त्याच वर्षी आलं. त्यात या आवराआवरीच्या सगळ्या तऱ्हा नावानिशी दिल्या आहेत. त्यातली एक 'ऑटोमेटेड टेअरडाउन': टेस्टने जे जे तयार केलं त्याची नोंद एका वहीत होत जाते, आणि शेवटी ती वही बघून एकेक गोष्ट आपोआप मोडली जाते. दुसरी तऱ्हा डेटाबेससाठी: सगळी टेस्ट एका व्यवहारात चालवायची आणि शेवटी तो व्यवहार कायम करण्याऐवजी मागे घ्यायचा. पाटीवर लिहायचं आणि पुसायचं. वहीत उतरवायचंच नाही. स्प्रिंगची २.५ ही आवृत्ती त्याच वर्षी आली, तिच्यात हे एका चिठ्ठीवर व्हायला लागलं. आम्ही ते बघून हरखून गेलो होतो.

आणि त्याच वर्षी डॉटनेटच्या जगात उलटी गोष्ट घडली. जेयुनिटच्या भावकीतल्या एनयुनिटवर काम केलेल्या जेम्स न्यूकर्कने ब्रॅड विल्सनबरोबर एक्सयुनिट डॉटनेट काढलं आणि त्यातून सेटअप-टेअरडाउनच्या चिठ्ठ्या काढूनच टाकल्या. का? कारण मांडामांड दूर कुठेतरी वर लिहिलेली असली की टेस्ट वाचणाऱ्याला ती दिसत नाही, आणि वीस टेस्टांचं सामान एकाच ठिकाणी कोंबलं जातं. त्यापेक्षा भाषेतली मूळ सोय वापरा, वस्तू तयार होताना मांडा, टाकून देताना आवरा. हा आक्षेप आजही विचार करण्यासारखा आहे. सोय फार झाली की काय मांडलंय आणि काय आवरलंय याकडे बघायचं माणूस सोडतो.

मी नेमका तिथेच आलो होतो.

साल २०१२. पुण्यात आमच्याकडे एका साखर कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीच्या हिशोबाचं काम होतं. कारखान्याचं आणि कंपनीचं नाव नको. मी बीडचा, म्हणून ते काम हौसेनं मागून घेतलं होतं. उचल, मुकादम, कोयता, बाकी हे शब्द तिथे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. टेस्टही भरपूर लिहिल्या होत्या, सगळ्या हिरव्या.

त्या वर्षअखेरीला आम्ही जावाच्या सहाव्या आवृत्तीवरून सातव्यावर गेलो. सातवी आवृत्ती २०११ च्या जुलैत आली होती. तिने एक बारीकसा बदल केला होता. आधी क्लासमधल्या मेथड साधारण लिहिलेल्या क्रमाने मिळायच्या. आता तो क्रम कसाही येऊ लागला. जेयुनिट त्याच क्रमाने टेस्ट चालवायचं. क्रमाचं वचन जावाने कधीच दिलं नव्हतं, पण जगभरचे लोक नकळत त्यावर विसंबले होते. ठिकठिकाणी हिरव्या टेस्ट अचानक लाल झाल्या. आमचीही एक झाली.

'नव्या टोळीचा हिशोब' नावाची टेस्ट. नव्या टोळीवर मागची बाकी नसते, तिला पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत. टेस्ट म्हणत होती, कमी मिळतायत. एकटी चालवली की हिरवी. सगळ्यांबरोबर चालवली की लाल. कधी हिरवी, कधी लाल!

मी काय केलं ते आता लिहायलाच हवं. नोव्हेंबर २०१२ मध्ये जेयुनिट ४.११ आलं होतं. त्यात टेस्टांचा क्रम नक्की करायची चिठ्ठी होती. मी टेस्टांची नावं बदलून त्यांना जुन्या क्रमाने उभं केलं, चिठ्ठी लावली, पट्टी हिरवी झाली, घरी गेलो. कारण लिहिलं: 'जावा ७ मुळे क्रम बिघडला होता, दुरुस्त केला.' सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, ही खरी अडचण.

खरं कारण असं होतं. प्रोग्राममध्ये 'मागची बाकी' ठेवायची एक जागा होती, आणि ती स्टॅटिक होती, म्हणजे सगळ्या टोळ्यांना मिळून एकच. जुन्या टोळीची बाकी तिथे लिहिली जायची. नवी टोळी आली की तिथे शून्य लिहायला हवं होतं. आम्ही काहीच लिहीत नव्हतो. त्यामुळे आधी आलेल्या टोळीची बाकी तिथे तशीच पडून राहायची. जुन्या क्रमात नव्या टोळीच्या टेस्टच्या आधी 'टोळी सगळी बाकी फेडते' ही टेस्ट चालायची, ती त्या जागेत शून्य ठेवून जायची. निव्वळ योगायोगाने सगळं हिरवं. क्रम बदलला आणि आधी थकबाकीवाली टोळी आली, तेव्हा चूक उघडी पडली होती. महिनोन्महिने लपलेली चूक जावाच्या त्या बदलाने माझ्या हातात आणून दिली, आणि मी ती पुन्हा झाकून ठेवली.

२०१३ चा मार्च. मराठवाड्यात तो दुष्काळाचा हंगाम होता, बीड-जालना भागात पाण्याचे टँकर फिरत होते. कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्यांचे हिशोब निघाले. दोन नव्या टोळ्यांच्या पट्टीवर बाकी दिसली, दुसऱ्याच टोळ्यांची. एका टोळीवर बेचाळीस हजार. हिशोबाच्या कागदावर छापील आकडा असला की कुणी सहसा वाद घालत नाही. मुकादमाने टोळीला सांगितलं, तुमची बाकी निघते, पुढच्या हंगामात फेडा. माणसं गाडीत सामान टाकून गावाकडे निघालीसुद्धा. अंगावर बाकी म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी कुठल्या कारखान्याला, कुणाबरोबर, कुठल्या दराने जायचं, हे त्या आकड्यावर ठरतं.

कारखान्यातल्या एका जुन्या कारकुनाला शंका आली, कारण पहिल्यांदाच आलेल्या टोळीवर मागची बाकी असेल कशी? त्याने जुनी वही काढली आणि फोन केला. मी एका तासात चूक शोधली. शोधायची काय, मला माहीतच होती कुठे असणार ते. सुधारलेले हिशोब गेले, राहिलेले पैसे दिले गेले. पण मधले अकरा दिवस ती माणसं आपल्यावर कर्ज आहे असं समजून जगली, त्याचा हिशोब कुठल्या प्रोग्राममध्ये लिहायचा?

पाडव्याला गावी गेलो तेव्हा चुलत्यांना सगळं सांगितलं. संगणकाचं कितपत कळलं माहीत नाही, पण बाकीचं सगळं कळलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोपी मोडायच्या आधी चुलीत हात घालून बघावं लागतं, लेका. राख वरून गार दिसती. आत इंगळ ऱ्हायला तर पाचटाला लागून शेजारच्याची कोपी जळती. तुला धूर दिसला हुता, अन् तू वरून पाणी न टाकता माती लोटलीस."

मी त्यावर काही बोललो नाही.

पण त्यांच्या बोलण्यावर नंतर खूप विचार केला. पहिल्यांदा वाटलं, मी टेअरडाउन लिहायला हवं होतं. प्रत्येक टेस्टनंतर ती स्टॅटिक जागा शून्य करणारी एक ओळ. मग लक्षात आलं, ती ओळ लिहिली असती तर चूक आणखी पक्की झाकली गेली असती! टेस्ट कायमची हिरवी राहिली असती, कुठल्याही क्रमाने चालवा. कारण टेस्टनंतर आवरायला मी होतो, पण कारखान्यात एका टोळीनंतर दुसरी टोळी येताना मधे आवरायला कुणीच नव्हतं.

मघाशी म्हटलं होतं की जेयुनिट प्रत्येक टेस्टला नवी प्रत देतं, ते लक्षात ठेवा. ते इथे कामाला येतं. यंत्राने आपलं सगळं सामान बदलून दिलेलं असतानाही जर मागच्या टेस्टचं काही उरत असेल, तर ते टेस्टमधून उरलेलं नाही, मूळ प्रोग्रामच ते धरून बसलाय. ही बातमी आहे. आपोआप होणाऱ्या आवराआवरीचा मोठा फायदा मला हाच वाटतो. रोजचा केर यंत्र काढतं, म्हणून जे उरतं ते नजरेत भरतं. फक्त बघायचं धैर्य पाहिजे.

पुढचा इतिहास थोडक्यात. २०१५ मध्ये रिचर्ड नॉर्थने टेस्टकंटेनर्स काढलं. टेस्टसाठी अख्खा डेटाबेस डब्यात घालून उभा करायचा आणि काम झालं की डबाच फेकून द्यायचा. त्यात रियुक नावाचा एक राखणदार असतो. टेस्ट चालवणारा प्रोग्राम मध्येच मेला, संपर्क तुटला, की हा मागे राहिलेले डबे शोधून काढून टाकतो. जे फायनलीला जमत नव्हतं ते बाहेर उभा राहिलेला तिसरा करतो. माझ्या भारनियमनाच्या दुपारचं उत्तर यायला बरीच वर्षं लागली. त्याच २०१५ साली जेयुनिट नव्याने लिहायला लोकांकडून वर्गणी गोळा झाली, आणि २०१७ च्या सप्टेंबरात जेयुनिट ५ आलं. पुतण्याच्या वहीतल्या @बिफोरईच, @आफ्टरईच या चिठ्ठ्या तेव्हाच्या. 'ईच' जोडलं ते बरं झालं, प्रत्येक टेस्टच्या आधी हे नावातच आलं. सगळ्यांच्या मिळून एकदाच करायचं असेल तर वेगळं @बिफोरऑल. २०१९ च्या ५.४ मध्ये तात्पुरतं फोल्डर आपोआप देऊन आपोआप मोडणारी चिठ्ठी आली, आणि टेस्ट मुद्दाम उलटसुलट क्रमाने चालवायची सोयही आली. २०२५ च्या सप्टेंबरात जेयुनिट ६ आलं, तरी त्या विमानातल्या ओळींचा सांगाडा तोच आहे: मांड, चालव, काहीही होवो, आवर.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पद्धत बेक आणि गामाने पाडली, आणि ती पाडली कारण काम संपल्यावर माणसाचं चित्त गावाकडं लागतं. @बिफोरईच लिही, त्यात आधी झाडू मार, मग मांड. @आफ्टरईच फक्त बाहेरच्या गोष्टींसाठी लिही: फाइल, डेटाबेस, उघडलेलं कनेक्शन. आतलं सामान जेयुनिट बदलून देतंच. आठवड्यातून एकदा सगळ्या टेस्ट उलटसुलट क्रमाने चालव. आणि एखादी कधी हिरवी, कधी लाल झाली, तर तिला रांगेत उभी करू नकोस. तिच्या आधी कोण होतं ते बघ, त्याने काय मागे ठेवलं ते बघ, आणि तसंच खऱ्या कामात घडू शकतं का ते बघ. मी ती चूक दुरुस्त केल्यावर एक टेस्ट लिहिली. त्यात थकबाकीवाली टोळी आणि नवी टोळी एकामागून एक येतात, मधे कुणी काही पुसत नाही, आणि नव्या टोळीला पूर्ण पैसे मिळतात का ते बघितलं जातं. मी लिहिलेल्या सगळ्या टेस्टांत ती एक मला आजही पाठ आहे.

चुलते आता थकलेत. पण कुणी नवीन पोरगं कोपीवर निघालं की त्याला चुलीचं अजून सांगतात.